चादरीचं टोक धरा

‘संवाद’ हा शब्द कानावर पडला की हल्ली माझं डोकं उठतं. शब्दाचा दोष नाही, कळतं मला ते. पण ज्या खोलीत माझी आत्या अकरा वर्षं माणसांना एकमेकांशी बोलायला लावत होती, ती खोली याच शब्दाचं नाव सांगून तिच्याकडून काढून घेतली. तेव्हापासून कुणी माइक हातात घेऊन "चला, आपण संवाद साधू या" म्हणालं की मला उठून जावंसं वाटतं. जात नाही, कारण त्या सभांचं इतिवृत्त टाइप करायचं काम माझ्याकडेच असतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर "वेळ मिळाला नाही" म्हणायची, आणि विचारणाऱ्यालाच एखादं काम सांगायची. आमच्या वसाहतीच्या धुलाईघराची ती राखणदार. पगारपत्रकावर तिचा हुद्दा ‘परिचर’ असा होता, तो तिला स्वतःलाही माहीत नव्हता. लोक तिला बसाआत्या म्हणायचे. दारात कुणीही आलं, मग तो साहेब असो नाहीतर झाडूवाली, तिच्या तोंडून पहिला शब्द निघायचा, "बसा."

वसाहतीत सहा इमारती. वरच्या अंगाला तीन, त्यांत कारखान्यातली जुनी माणसं. खालच्या अंगाला तीन, त्यांत धरणाखाली गावं गेलेली माणसं, बारा-तेरा वर्षांपूर्वी आणून वसवलेली. त्यांची बोली वेगळी, प्रार्थना वेगळी, जेवायच्या वेळासुद्धा वेगळ्या. वरचे त्यांना ‘ते लोक’ म्हणत. ते वरच्यांना काय म्हणत हे मला पुष्कळ उशिरा कळलं, ‘घरमालक’ म्हणत, आणि म्हणताना हसत. दोन्हीकडचे एकमेकांना पाण्यात पाहत. पण घरात नळाला पाणी जेमतेम आणि यंत्र ठेवायला जागा नाही, म्हणून मळके कपडे सगळ्यांना एकाच ठिकाणी आणावे लागत.

ते ठिकाण म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या इमारतीच्या मधली बैठी खोली. भिंतीला लागून सहा धुलाईयंत्रं, गोल काचेच्या दारांची. त्यांच्यासमोर दोन लांब बाकडी, कुठल्याशा बंद पडलेल्या दवाखान्यातून आणलेली. मध्ये घड्या घालायचं टेबल. भिंतीवर पाटी, तिच्यावर खडूने कुणाचा नंबर कधी ते लिहिलेलं. एका दोरीला चिमट्याने अडकवलेले बेवारस मोजे. आणि दाराशी आत्याचं स्टूल, स्टुलाखाली चहाचा थर्मास. खोलीला साबणाचा आणि ओल्या लोकरीचा वास असायचा, तो आत्याच्या केसांनाही होता. लहानपणी मला तो आवडायचा. मोठी होऊन वसाहतीच्याच कार्यालयात कामाला लागल्यावर मला त्याची लाज वाटायला लागली. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

खालच्या इमारती भरल्या त्या पहिल्याच महिन्यात धुलाईघरात भांडणाचा भडका उडाला. वरच्या एका बाईने कपडे यंत्रात टाकले आणि ती घरी निघून गेली. परत आली तर कपडे ओलेच टेबलावर काढून ठेवलेले, यंत्रात दुसऱ्या कुणाचं तरी घोंगडं फिरतंय, आणि तिचा स्वेटर गायब. झालं. ‘ते लोक’ असेच, इथपासून सुरू होऊन गाडी ‘चोर’वर आली. घोंगड्याची मालकीण एक म्हातारी होती. तिला वरच्यांची बोली कळत नव्हती, पण ‘चोर’ कुठल्याही बोलीत कळतो. ती टेबलाला धरून रडत उभी राहिली. स्वेटर दोन दिवसांनी त्या बाईला स्वतःच्याच उशीच्या अभ्र्यात सापडला. माफी मागायला ती आली नाही. स्वेटर घालून मात्र आली.

त्या दिवशी आत्याने पाटीवर मोठ्या अक्षरांत नियम लिहिला. ज्याचे कपडे यंत्रात, त्याने यंत्रासमोर. कपडे होईपर्यंत बसायचं.

साधी धुलाई चाळीस मिनिटांची, घोंगड्यांची पाऊण तासाची. लोक खवळले. "आम्हाला काय दुसरी कामं नाहीत?" म्हणाले.

"आहेत ना. ती झाल्यावर या," आत्या म्हणाली.

"नियम करणाऱ्या तुम्ही कोण?"

"मी कुणी नाही हो. चाव्या माझ्याकडे आहेत एवढंच. बसा."

पहिले काही महिने लोक त्या बाकांवर ऑपरेशनला आल्यासारखे बसायचे. वरचे एका बाकावर, खालचे दुसऱ्यावर. सगळ्यांची नजर गोल काचेवर, जणू आत काहीतरी चाललंय. मग आत्याने दुसरी खोडी काढली. मोठी चादर एकट्याने घडी घालता येत नाही. आत्तापर्यंत दुसरं टोक आत्या धरायची. आता तिचा खांदा दुखायला लागला. "अहो, जरा चादरीचं टोक धरा यांच्या," असं ती समोरच्या बाकावरच्याला सांगायची. नेमकं समोरच्या, शेजारच्याला कधीच नाही. नाही कसं म्हणणार? समोर म्हातारी आत्या खांदा चोळत उभी. मग वरचा माणूस उठायचा, खालच्या बाईच्या चादरीचं टोक धरायचा, दोघं मागे सरायची, चादर ताणायची, पुढे यायची, टोकं एकमेकांच्या हातात द्यायची. त्या एवढ्या वेळात काहीतरी बोलावंच लागतं. निदान "तुमच्याकडून थोडं खाली घ्या" एवढं तरी.

खांदा खोटा होता. घरी ती पाण्याने भरलेल्या दोन बादल्या एका दमात तिसऱ्या मजल्यावर आणायची. मी एकदा म्हटलं, "आत्या, लोकांना कळलं तर?" ती म्हणाली, "अगं, निम्म्यांना कळलंय. मूग गिळून गप्प बसतात बिचारे."

मला इथे कुणाची पोथी लिहायची नाही. त्या खोलीत रोज फुलं उमलत नव्हती. भांडणं व्हायची आणि ती कडकडून व्हायची. सगळ्यात मोठं झालं ते फिटरचं आणि नर्सबाईंचं. फिटर वरच्या इमारतीतला, विधुर, अंगाने आडवा. यंत्रशाळेतले तेलकट डगले तो तसेच यंत्रात कोंबायचा. त्याच्या पाठोपाठ खालच्या नर्सबाईंनी दवाखान्याचा पांढरा गणवेश टाकला आणि तो राखाडी होऊन बाहेर आला. नर्सबाई शांत स्वभावाच्या, पण त्या दिवशी त्यांनी गणवेश फिटरच्या तोंडासमोर धरला. "तुमच्यामागून दुसराही कुणी यात कपडे टाकतो हे तुम्हा लोकांना दिसतच नाही का?"

फिटर म्हणाला, "यंत्र आमच्या कारखान्याच्या पैशातून आलंय. तुम्ही यायच्या आधीपासून आहे."

आत्याने कुणालाच गप्प केलं नाही. ती फिटरला म्हणाली, "परत सांगा. मला नीट ऐकू आलं नाही." फिटरने परत सांगितलं, पण दुसऱ्यांदा ते त्याला स्वतःलाच जड गेलं. मग नर्सबाईंना म्हणाली, "तुम्हीपण सांगा." त्यांनी सांगितलं. डागाळलेल्या गणवेशात गेलं की मेट्रन दारातूनच परत पाठवते, आणि आज वॉर्डातल्या एका खाटेवरचं म्हातारं माणूस शेवटच्या घटका मोजतंय, त्याला मी येते असं सांगून आलेय, असंही सांगितलं. फिटर काचेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "डगले बायको धुवायची. मला माहीतच नाही कसे धुतात ते."

यावर दोघं मित्र झाले असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. महिनाभर बोलत नव्हते. पण नर्सबाईंची आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे त्यांच्या चादरी रोजच्या. आणि आत्याचा खांदा नेमका फिटर आला की दुखायचा. महिन्याभराने फिटरने रंगाचा डबा आणला आणि चार नंबरच्या यंत्रावर लाल अक्षरांत लिहिलं, ‘तेलकट कपडे फक्त यात’. वरचे दोस्त त्याला चिडवायला लागले, "काय रे, खालच्यांचा जावई झालास का?" तो म्हणाला, "जावई नाही. माणूस झालोय, तुम्हीपण व्हा." पुढे नर्सबाईंची आई गेली, तेव्हा खांदा द्यायला वरच्या इमारतींतून सातजण गेले. त्यांतले सहा त्या बाकांवर बसलेले होते.

एक निवृत्त फोरमनही होते. अकरा वर्षांत ते खालच्या कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत. पण चादरीचं टोक मात्र धरायचे. आत्याला तेवढं पुरत होतं.

आता संताप कुठून सुरू होतो ते सांगते. दोन वर्षांपूर्वी फाटकाशी दुचाकी लावण्यावरून वरच्या आणि खालच्या पोरांची मारामारी झाली. काचा फुटल्या, दोघांची डोकी फुटली. आता ही पोरं कोण, तर ज्यांचे कपडे आया धुतात ती. धुलाईघराचं तोंड त्यांनी कधी पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आया रक्ताळलेले शर्ट घेऊन हजर. दोन वरच्या, तीन खालच्या. कुणी कुणाकडे बघेना. आत्या म्हणाली, "गरम पाण्यात टाकू नका, डाग पक्के होतील. रक्ताला गार पाणी." पाच जणींनी एकाच घमेल्यात शर्ट भिजवले, कारण घमेलं एकच होतं. शर्ट चोळता चोळता एकीने सांगितलं की तिचं पोरगं रात्रभर उलट्या करत होतं. दुसरी म्हणाली, "माझ्याच पोराने मारलं असणार. हात फार चालतो मेल्याचा." मग तिसरी रडली, मग सगळ्या. संध्याकाळी त्या पाच आयांनी पोरांना कान धरून फाटकाशी आणलं आणि सगळ्यांना मिळून काचा झाडायला लावल्या. भांडण मिटलं, एका दिवसात.

पण वर्तमानपत्राला हे कोण सांगणार? तिथे छापून आलं, ‘वसाहतीत दोन समाजांत तणाव’. आणि मग वरातीमागून घोडं आलं. त्या घोड्याचं नाव सुसंवाद प्रकल्प.

प्रकल्पाच्या समन्वयक बाई वाईट नव्हत्या. मान तिरकी करून ऐकायच्या, प्रत्येकाला "खूप छान" म्हणायच्या. त्यांनी सभामंडपात एक मोठा कागद टांगला. त्यावर प्रश्न होता, ‘आपल्या वसाहतीत संवाद वाढावा असं तुम्हाला वाटतं का?’ ज्यांना वाटतं त्यांनी हिरवी टिकली चिकटवायची, ज्यांना वाटत नाही त्यांनी लाल. आता संवाद नको असं कोण म्हणेल? फिटरने हिरवी चिकटवली, नर्सबाईंनी हिरवी चिकटवली, पाचही आयांनी चिकटवली. आत्याने तर दोन चिकटवल्या, एक तिची आणि एक फोरमनसाहेबांची, ते जागचे उठेनात म्हणून. मीही चिकटवली. कागद हिरवागार झाला. त्या हिरव्या कागदाचा अर्थ काय काढला गेला, तर संवाद केंद्रासाठी जागा द्यायला सर्व रहिवाशांची संमती आहे.

जागा कुठली, ते ठरवायला पाहणी झाली. पाहणीला आमचे साहेब आणि समन्वयक बाई गेले बुधवारी सकाळी. बुधवारी सकाळी धुलाईघर बंद असतं. मोऱ्या साफ करायच्या, गाळण्या धुवायच्या. हे वसाहतीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. साहेबांना नव्हतं, कारण त्यांचे कपडे कुठे धुतात ते त्यांनाच माहीत. त्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं आणि मला येऊन अहवाल सांगितला. "लिहा. सध्याचा वापर, कपडे धुणे. पाहणीच्या वेळी खोली रिकामी आढळली."

मी थांबले. मला ठाऊक होतं की तो बुधवार होता. मला ठाऊक होतं की त्या खोलीत कपडे धुण्याशिवाय काय काय होतं. माझ्या तोंडाशी आलं होतं, "साहेब, आज बुधवार." पण समन्वयक बाई शेजारी उभ्या होत्या, शहाण्या, इस्त्रीच्या कपड्यांतल्या. आणि त्यांनी विचारलं असतं की तुम्हाला कसं माहीत, तर मला सांगावं लागलं असतं की धुलाईघराची राखणदार माझी सख्खी आत्या. मी टाइप केलं. खोली रिकामी आढळली.

पंधरा दिवसांनी नोटीस लागली. धुलाईघर बंद, त्या जागी संवाद केंद्र. प्रत्येक घरात वाढीव नळजोड आणि छोट्या यंत्रासाठी जागा करून देणार. हे ऐकून निम्मी वसाहत खूश झाली, हेही सांगायला हवं. चाळीस मिनिटं बसायची कटकट गेली. त्यांना दोष देत नाही, आत्या माझी नसती तर मीही खूश झाले असते.

फिटर आणि नर्सबाई मात्र दोघं मिळून साहेबांकडे गेले. मी टेबलाशीच होते. फिटर म्हणाला, "साहेब, आमचं जे काही बोलणं होतं ते त्याच खोलीत होतं." साहेब म्हणाले, "हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे. संवाद केंद्रात मांडा."

"ते केंद्र कुठे असणार?" नर्सबाईंनी विचारलं.

"त्याच खोलीत."

"म्हणजे खोली बंद करू नका हे आम्ही खोली बंद झाल्यावर सांगायचं?"

"प्रक्रिया असते, बाई," साहेब म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काय केलं? मी खाली मान घालून त्या भेटीची नोंद टाइप केली.

आत्याने चाव्या द्यायला नकार दिला. आरडाओरडा नाही, काही नाही. फक्त म्हणाली, "ज्याला हव्यात त्याने येऊन मागाव्यात." एका मंगळवारी दुपारी साहेब स्वतः आले. सहाच्या सहा यंत्रं चालू होती. आत्या म्हणाली, "बसा."

"मी फक्त चाव्यांसाठी आलोय."

"कळलं हो. पण यंत्रं मध्येच बंद कशी करू? कपडे होईपर्यंत बसा."

साहेब बसले. डावीकडे फोरमन, उजवीकडे खालच्या इमारतीतली एक बाळंतीण, मांडीवर लंगोटांचा ढीग घेऊन. मी दारात उभी राहून बघत होते आणि खरं सांगते, मला वाटलं आता काहीतरी होईल. बाळंतिणीने त्यांना विचारलंसुद्धा, "तुम्हाला किती मुलं?" साहेबांनी मोबाइल काढला. आत्या म्हणाली, "साहेब, जरा समोरच्या त्या बाईंच्या चादरीचं टोक धरता का? माझा खांदा दुखतो." साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांना बूट काढायला सांगितलं. घड्याळ बघितलं. म्हणाले, "मला दुसरी मीटिंग आहे," आणि उठले. अकरा मिनिटं बसले होते. चादरीचं टोक फोरमनने धरलं.

दुसऱ्या दिवशी, पुन्हा बुधवारीच, कुलुपवाला आला आणि नवीन कुलूप लावून गेला.

त्या संध्याकाळी मी आत्याला पाहणी अहवालाबद्दल सांगितलं. पोटात ठेववेना. ती भाजी निवडत होती. "रिकामी आढळली असं लिहिलंस?" तिने विचारलं.

"त्यांनी सांगितलं तसं लिहिलं."

"तो बुधवार होता ना?"

"हो."

तिने हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, "तू लहान असताना तुझे लंगोट पहिल्या नंबरच्या यंत्रात धुतलेत मी." बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

उद्‌घाटनाला सगळ्यांना बोलावलं होतं. यंत्रं भंगारात गेली होती. भिंती फिक्या जांभळ्या. बाकांच्या जागी मऊ गोल बैठका, ज्यांत म्हातारं माणूस बसलं तर उठायला दोघं लागतात. चार नंबरच्या यंत्राच्या जागी भलामोठा फळा, त्यावर लिहिलेलं ‘मनातलं बोला’. खाली पिवळ्या चिठ्ठ्या. आत्याला प्रमाणपत्र दिलं, ‘जागा उपलब्ध करून दिल्याबद्दल’. टाइप कुणी केलं होतं ते वेगळं सांगायला नको. मग समन्वयक बाईंनी मान तिरकी करून तिच्या हातात माइक दिला. "आत्या, दोन शब्द?"

आत्याने माइककडे पाहिलं आणि विचारलं, "इथे कधी येता येणार?"

"महिन्याच्या पहिल्या शनिवारी, अकरा ते एक. ज्यांना यायचंय त्या सगळ्यांसाठी दार उघडं."

"तिथेच तर घोटाळा आहे ना, बाई," आत्या म्हणाली. "ज्याला बोलायचंय तो येईलच. तो कुठेही बोलेल, त्याला तुमची गादी कशाला पाहिजे? ज्याला दुसऱ्याचं तोंड बघायचं नाही त्याचं काय करणार तुम्ही? माझ्याकडे तोच यायचा. शिव्या देत यायचा, पण यायचा. कारण मळके कपडे त्याच्याकडेही असायचे. तुम्ही माझी यंत्रं नेलीत, त्याचं मला एवढं नाही. तुम्ही त्या माणसाचं यायचं कारण नेलंत."

फिटर खाली बघत होता. मला वाटलं, आता तरी कुणाला लाज वाटेल. पण साहेबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि साहेब टाळ्या वाजवतात म्हटल्यावर सगळ्यांनीच वाजवल्या. समन्वयक बाई म्हणाल्या, "खूप छान! खूप सुंदर विचार!" आणि त्यांनी पिवळ्या चिठ्ठीवर काहीतरी खरडून ती फळ्यावर चिकटवली. आत्या माइक हातात धरून तशीच उभी. इतकी वर्षं ती माणसांना ऐकायला लावत होती. टाळ्या वाजवूनही समोरच्याचं बोलणं ऐकायचं टाळता येतं, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आता पहिल्या शनिवारी तिथे सहाजण येतात. दर वेळी तेच. सगळे भले, सगळे एकमेकांशी सहमत. इतिवृत्त लिहायला मला दहा मिनिटं पुरतात. फोरमन येत नाहीत. बाळंतीण येत नाही, तिला त्या वेळी मूल झोपवायचं असतं. फिटर एकदा जिन्यात भेटला तर म्हणाला, "नर्सबाई दिसतात येता-जाता. मान हलवतो. पण हातात चादर नसताना काय बोलायचं सांग बरं?" परवा खालच्या गच्चीवरून वरच्यांच्या अंगणात पाणी पडलं, तर तक्रार लेखी आली. पूर्वी ती ओल्या कपड्यांबरोबर आली असती.

वर्ष संपलं तसा प्रकल्पाचा अहवाल निघाला, रंगीत, गुळगुळीत कागदावर. मुखपृष्ठावर रहिवाशांचं एखादं बोलकं वाक्य हवं होतं. समन्वयक बाईंनी फळ्यावरची ती पिवळी चिठ्ठी काढली. घाईत खरडलेली, निम्मी पुसट झालेली. ‘मळके कपडे’, ‘यायचं कारण’, एवढंच लागत होतं. त्यांनी आणि साहेबांनी मिळून ते वाक्य नीटनेटकं केलं. मी म्हटलं, "मॅडम, हे वाक्य माझ्या…" त्यांनी मान तिरकी केली. साहेब म्हणाले, "खाली ‘एक रहिवासी’ लिहा. नाव घातलं की दुसऱ्यांना वाईट वाटतं." मी ‘एक रहिवासी’ टाइप केलं.

अहवालाची प्रत घरोघरी वाटली. आत्याने चष्मा लावून मुखपृष्ठ मोठ्याने वाचलं. "मनातला मळ संवादानेच धुतला जातो. एक रहिवासी."

तिने ते पुन्हा एकदा वाचलं. मग चष्मा काढला आणि मला म्हणाली, "हा कोण गं? आपल्यातला नसणार. याने जन्मात एक चादर धुतलेली नाही. संवादाने मळ जातो म्हणे! मळ जातो साबणाने आणि पाण्याने, आणि तोवर तिथे बसावं लागतं. हे कुणी सांगितलं नाही का याला?"

मी म्हटलं, "कोण जाणे."

ते तिचंच वाक्य आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.